खडखड नेमकी येते कुठून? जुन्या मिनीव्हॅनच्या स्टीअरिंग-सस्पेन्शनवर वाचकांचे प्रश्न

या वेळची निम्म्याहून जास्त पत्रं जुन्या मिनीव्हॅनची आहेत. इंजिन ठणठणीत, सीट्स चांगल्या, सरकते दरवाजे अजून नीट लागतात, पण खालून काहीतरी वाजतं, स्टीअरिंग ओढतं, गाडी टायर खाते. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, "अमुक पार्ट बदलला तरी फरक नाही". म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिलीय. पार्ट बदलायच्या आधी प्ले, म्हणजे जोडातला ढिलेपणा, कुठे आहे ते हात लावून शोधायचं, हे मी खाली तीन-चार वेळा तरी म्हणणार आहे, कारण मला ते मनापासून वाटतं.

प्रश्न : काका, बाबांची जुनी मिनीव्हॅन आता मी चालवतो. खराब रस्त्यावर हळू जाताना पुढून डावीकडून खट-खट-खट असा आवाज येतो, स्पीड वाढवला की कमी होतो. गॅरेजवाल्यांनी पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, आवाज होता तसाच आहे. आता ते म्हणतात लोअर आर्म बदलायला लागेल. बदलू का?

थांब, एवढ्यात नको बदलूस. तू जे लिहिलंयस ना, हळू स्पीडला बारीक बारीक खड्ड्यांवर लागोपाठ खटखट, ते वाचून मला पहिला संशय लिंक रॉडचा येतो. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक जाड वाकवलेला दांडा असतो, स्टॅबिलायझर बार, वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून. त्याची दोन टोकं लिंक रॉडने शॉकअपला नाहीतर आर्मला (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) जोडलेली असतात आणि लिंक रॉडच्या टोकांना सुपारीएवढे छोटे बॉल जॉइंट असतात, म्हणजे वाटीत फिरणारी गोळी (काही गाड्यांत बुश, म्हणजे जोडात बसवलेलं रबर, असतं). त्यांच्यावरचं रबर फाटलं की आत पाणी-माती जाते, ग्रीस संपतं, आणि मग तो जॉइंट आतल्या आत आपटायला लागतो. मिनीव्हॅन उंच असते, वजनही भरपूर, त्यामुळे या लिंकांना कामही जास्त पडतं.

आता हे घरच्या घरी कसं ओळखायचं ते सांगतो. तो बार कधी पिळला जातो? एक चाक वर आणि दुसरं खाली असेल तेव्हाच. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार नुसता सोबत वर जातो, लिंकवर जवळजवळ काही येत नाही. म्हणून एखाद्या स्पीडब्रेकरवरून अगदी हळू आधी सरळ जा, दोन्ही चाकं एकत्र, आणि नंतर तिरका जा, म्हणजे एक चाक आधी चढेल. सरळ जाताना शांत आणि तिरकं जाताना खट्ट, असं झालं तर लिंक रॉड नाहीतर बारचे बुश, दुसरीकडे बघायलाच नको. अजून खात्री पाहिजे असेल तर दोन्ही बाजूच्या लिंक सोडून काढायच्या, बारची टोकं कुठे घासत नाहीत ना ते बघायचं, आणि रिकाम्या रस्त्यावर अगदी हळू एक चक्कर मारायची. आवाज गेला तर चोर सापडला. फक्त तशी गाडी रोज फिरवू नकोस, वळणावर भलतीच कलते.

माझ्या स्वतःच्या व्हॅनला हेच झालं होतं, मीही आधी शॉकअप बदलून घेतले, मग वरचं माउंटिंग (शॉकअप वर बॉडीला ज्यावर बसतो ते), आणि शेवटी निघाली ती बोटभर लांबीची लिंक. त्या दिवसापासून हात लावल्याशिवाय मी कुठला पार्ट विकत घेत नाही.

लिंक बदलताना दोन्ही बाजूच्या एकदम बदल. नट सोडताना आतला स्टड गोल गोल फिरतो, तो अ‍ॅलन कीने नाहीतर पान्याने धरून ठेवायचा आणि मग नट फिरवायचा. आणि हे बघ, नवे शॉकअप नुकतेच बसवलेत ना, मग त्यांचा वरचा नट नीट आवळलाय का तेही बघून घे, तिथे ढिला राहिला तरी असाच आवाज येतो. स्टीअरिंग जागेवर फिरवताना स्प्रिंग ताणून सोडल्यासारखा "टॉंय" आवाज आला तर मात्र वरच्या माउंटिंगचं बेअरिंग अडकतंय असं समज.

आर्म खरंच बदलायला लागलाच, म्हणजे बुश फाटून ब्रेक मारल्यावर धक् असा एकच जड आवाज येत असेल, तर एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांग. आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, हवेत लटकत असताना नाही. त्या बुशमधलं रबर धातूला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. आर्म खाली लटकलेला असताना बोल्ट आवळला आणि मग गाडी खाली सोडली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. मग आपण पार्टला नावं ठेवतो, चूक असते बसवण्यात.

प्रश्न : सर, माझ्या व्हॅनचं स्टीअरिंग सकाळी सुरुवातीला खूप जड जातं आणि पार्किंगमध्ये पूर्ण फिरवलं की कूंऽऽ असा आवाज येतो. मला हाताला दुखायला लागलंय हो. सगळे म्हणतात रॅक गेली. खरंच एवढं मोठं काम आहे का?

ताई, रॅकवर, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणाऱ्या यंत्रणेवर, यायच्या आधी तीन सोप्या गोष्टी बघू, त्यातच पुष्कळदा उत्तर मिळतं. पहिली म्हणजे टायरमधली हवा. हसू नका, पुढच्या चाकांत हवा कमी असली की स्टीअरिंग जड होतंच. दुसरी, पॉवर स्टीअरिंगचं तेल, त्याच्या टाकीवर खूण असते, पातळी तिथपर्यंत आहे का आणि तेलाचा रंग काळा झालाय का, जळल्यासारखा वास येतोय का, फेस दिसतोय का. फेस म्हणजे हवा शिरलीय, आणि कूंऽऽ आवाज हा बहुतेक वेळा हवेचा नाहीतर कमी तेलाचा असतो. तिसरी गोष्ट पंपाचा बेल्ट, तो ढिला किंवा गुळगुळीत झाला असेल तर पूर्ण वळवल्यावर किंचाळतो, तो आवाज वेगळा, चिर्र असा असतो.

तेल कमी असेल तर ते गेलं कुठे हे शोधायला पाहिजे, नुसतं वरून ओतत राहू नका. रॅकच्या दोन्ही टोकांना अकॉर्डियनसारखे घड्यांचे रबर बूट असतात, ते हळूच दाबून बघायला सांगा, आत तेल खळखळलं तर मात्र रॅकचं सील गेलंय आणि तुमचे लोक बरोबर आहेत. बूट कोरडे असतील तर पाइपचे जोड आणि पंप बघायचे. आणि तेल कुठलं घालायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघूनच घाला, काही व्हॅनमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच तेल चालतं, काहींमध्ये अजिबात चालत नाही, चुकीचं तेल घातलं तर सील फुगतात.

हवा काढायची पद्धत सोपी आहे. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवायची, इंजिन बंद, टाकीचं झाकण उघडं, आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवायचं, मध्ये मध्ये तेलाची पातळी बघत, बुडबुडे थांबेपर्यंत. मग इंजिन सुरू करून परत तसंच थोडं. आणि एक सवय आजच सोडा, स्टीअरिंग पूर्ण फिरवून तिथेच दाबून धरून ठेवायची. तेव्हा पंपावर सगळ्यात जास्त दाब येतो आणि तेल भराभर तापतं. टोकाला लागलं की किंचित मागे घ्यायचं.

हे सगळं ठीक असूनही जड असेल तर दोन जागा राहतात ज्या कोणी बघत नाही. एक, स्टीअरिंगच्या दांड्याला खाली जो छोटा युनिव्हर्सल जॉइंट असतो तो गंजून अडकतो, मग स्टीअरिंग एकाच फेरीत थोडं जड, थोडं हलकं, परत जड असं लागतं. दुसरी, शॉकअपच्या वरचं बेअरिंग, ते अडकलं की वळल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही, आपल्याला हाताने परत आणावं लागतं. असं होतंय का ते लक्ष देऊन बघा आणि मेकॅनिकला नेमकं तसंच सांगा. (ज्यांच्या व्हॅनला इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग आहे त्यांना तेल-पंप हा प्रकारच नाही, तिथे जड झालं आणि डॅशबोर्डवर दिवा लागला तर आधी बॅटरी आणि चार्जिंग बघा.)

प्रश्न : शॉकअप गेलाय का हे गाडी दाबून कळतं म्हणतात. आमची व्हॅन दाबली तर एकदा वर येऊन थांबते, म्हणजे चांगले आहेत ना?

एकदा वर येऊन थांबते म्हणजे पूर्ण गेलेले नाहीत एवढंच कळतं. दाबून बघण्यात शॉकअप अगदीच मेलेला असेल तर समजतं, अर्धा गेलेला समजत नाही, कारण हाताने आपण जेवढं हलवतो त्यापेक्षा रस्त्यावर त्याला खूप जास्त वेगाने काम करायचं असतं. त्यापेक्षा टायरवर हात फिरवा. एका चाकावर ठरावीक अंतराने वाटीसारखे खोलगट चट्टे पडलेत का? असतील तर चाक रस्त्यावर नाचतंय, म्हणजे शॉकअपने पकड सोडलीय. शॉकअपच्या अंगावर नुसता ओलसर धुरकट थर असेल तर घाबरू नका, तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल तर बदला, आणि एकाच बाजूचा बदलू नका, पुढचे तर पुढचे दोन्ही, मागचे तर मागचे दोन्ही.

प्रश्न : मेकॅनिक म्हणाला खालचा बॉल जॉइंट ढिला आहे. पण गाडी तर व्यवस्थित चालते. अजून दोन-तीन महिने काढले तर चालेल का? घरातली सगळी माणसं याच गाडीने फिरतात.

नाही. या पानावर मी सहसा इतकं सरळ नाही म्हणत नाही, पण इथे म्हणतो. लिंक रॉड वाजला तर आवाजाचा त्रास होतो, शॉकअप गेला तर गाडी उड्या मारते, पण खालचा बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं, गाडीचा तो कोपरा खाली बसतो आणि स्टीअरिंग हातात असून काही उपयोगाचं राहत नाही. टाय रॉड एंड (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचा टोकाचा जॉइंट) निसटला तरी तेच, एक चाक आपल्या मर्जीने कुठेही वळतं. हे दोन पार्ट वाट बघण्यातले नाहीत. दोन-तीन महिने सोडा, खरंच ढिला असेल तर गाडी दुरुस्त होईपर्यंत घरच्यांना तिच्यात बसवू नका.

पण "ढिला आहे" हे तुम्ही स्वतः बघून घ्या, हा तुमचा हक्क आहे, आणि बघायची रीत अशी. पुढचं चाक उचलायचं, गाडी जॅकवर नाही तर स्टँडवर ठेवायची, नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली हात घालायचा नाही. मग चाक घड्याळात १२ आणि ६ असतात तिथे दोन हातांनी धरून आत-बाहेर हलवायचं. हलतंय? मग दुसऱ्या माणसाला आत बसून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं बंद झालं तर प्ले व्हील बेअरिंगमध्ये आहे, कारण ब्रेकने हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) आणि नकल (त्याला धरणारा न फिरणारा भाग) एकत्र बांधले गेले. ब्रेक दाबूनही हलतंय तर बॉल जॉइंट किंवा आर्मचे बुश. नंतर हात ९ आणि ३ वर ठेवून हलवा, तिथेच तेवढा खटका लागला तर टाय रॉड. आतला की बाहेरचा हे कळायला बाहेरच्या एंडवर बोट ठेवून दुसऱ्याला चाक हलवायला सांगा, आणि आतल्यासाठी रॅकचा रबर बूट मुठीत दाबून धरा, खटका बोटांना कळतो.

आता एक बारकावा, जो चुकला तर चांगला जॉइंट खराब आणि खराब जॉइंट चांगला वाटतो. ज्या व्हॅनमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक, तिथे गाडीचं वजन स्प्रिंगमधून वरच्या माउंटिंगवर येतं, खालच्या बॉल जॉइंटवर ते येत नाही. अशा गाडीत चाक मोकळं लटकत ठेवून आर्म आणि नकलच्या मध्ये पहार घालून हलक्या हाताने उचलायचं, प्ले लगेच दिसतो. पण ज्या व्हॅनमध्ये वर-खाली दोन आर्म आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली आहे, तिथे खालचा जॉइंट वजन घेतो, चाक लटकलेलं असताना स्प्रिंग त्याला घट्ट दाबून धरते आणि प्ले लपतो. तिथे जॅक खालच्या आर्मखाली लावून वजन उतरवायचं, मग बघायचं. तुमच्या मेकॅनिकने कसं बघितलं ते विचारा.

किती प्ले चालतो याचा आकडा प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, पण हाताला स्पष्ट खटका लागत असेल आणि रबर फाटलेलं असेल तर मी आकडा बघत बसणार नाही.

प्रश्न : वर्षभरात दोन वेळा अलाइनमेंट केलं. प्रिंट हिरवी येते, सगळं बरोबर दाखवते. तरी पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने झिजतात. मशीन खोटं दाखवतं का?

मशीन खोटं नाही दाखवत, पण ते उभ्या गाडीच्या चाकांचे कोन मोजतं आणि टायर झिजतात चालत्या गाडीचे. आर्मचे बुश सैल झाले असतील तर उभ्या गाडीत चाक बरोबर दिसेल, ब्रेक मारला की आर्म मागे सरकेल आणि टो (वरून बघितलं तर चाकं पुढे किती आत-बाहेर वळलीत ते) बिघडेल, ब्रेक सोडला की परत जागेवर. दिवसातून शंभर वेळा असं झालं की टायर आतून खाल्ला जाणारच, प्रिंट हिरवी असली तरी. म्हणून आधी वर सांगितल्यासारखं हलवून प्ले शोधा, तो काढा, आणि मगच अलाइनमेंट. उलट क्रमाने केलं तर काम वाया जातं.

दुसरं बघा उंची. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, सपाट जागेवर, डावी-उजवी दोन्ही. जुनी स्प्रिंग बसली की बऱ्याच स्ट्रटच्या गाड्यांत चाक वरच्या बाजूने आत झुकतं आणि आतली कड जास्त घासते. एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर खाली असेल तर स्प्रिंगचा अगदी खालचा वेढा नीट बघा, पुष्कळदा तो बैठकीच्या आत तुटलेला असतो आणि वरून काही दिसत नाही.

टायरच्या नक्षीवरून हात आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर दोष 'टो'चा. सरसकट गुळगुळीत तिरकं झिजलं असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचं वरून आत-बाहेर झुकणं. आणि प्रिंटवर मागच्या चाकांचे आकडेही असतात, ते कोणी वाचत नाही, पण मागचा अ‍ॅक्सल वाकडा असेल तर सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग वाकडं धरावं लागतं.

गाडी एका बाजूला ओढत असेल त्यांच्यासाठी इथेच सांगून टाकतो, पुढचे टायर डावे-उजवे अदलाबदल करून बघा (एकाच दिशेने फिरणारे टायर असतील तर नको). ओढ दुसरीकडे गेली तर दोष टायरचा.

प्रश्न : सगळी सीटं भरली की आमची व्हॅन मागून बसते, हेडलाइट आभाळाकडे जातात आणि स्टीअरिंग एकदम हलकं लागतं. मागे पाटे आहेत. एक पाटा वाढवू का?

पाटा वाढवायच्या आधी आहेत ते पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) मोकळे करून बघा. मिनीव्हॅनला मागे पाटे हे जुनंच गणित आहे, १९८४ मॉडेलच्या डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजरलाही मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटेच होते, कारण पाट्यांना जागा कमी लागते आणि मागची फ्लोअर सपाट, खाली ठेवता येते. पण पाटे वर्षानुवर्षं वजन घेऊन सपाट होतात, एखादा तडकतो, आणि टोकाच्या शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणारी हलती कडी) बुश गंजून अडकतात. तडकलेला पाटा असेल तर बदलायचाच. सगळे धड असतील पण कमान उरली नसेल तर नवा सेट बसवा.

एक जास्तीचा पाटा टाकला की रिकाम्या गाडीला मागून धक्के बसतात, आणि गाडीचा अ‍ॅक्सल, ब्रेक, टायर यांची वजनाची मर्यादा काही वाढत नाही, ती दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते, तेवढीच धरायची. आणि स्टीअरिंग हलकं लागतं हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, याचा अर्थ पुढच्या चाकांवरचा भार कमी झालाय आणि ओल्या रस्त्यावर तीच चाकं घसरतील. जड सामान शेवटच्या सीटमागे रचू नका, मधल्या सीटच्या पायांशी ठेवा.

प्रश्न : मला स्वतः काम करायला आवडतं. टाय रॉड एंड आणि पुढचे स्ट्रट दोन्ही घरी बदलायचा विचार आहे. काही सूचना?

टाय रॉड एंड जरूर करा, स्ट्रट गाडीतून काढून परत बसवणंही जमेल, पण स्ट्रटच्या वरचा मधला नट चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर नसताना अजिबात सोडू नका. ती स्प्रिंग शेकडो किलोच्या जोराने दाबून ठेवलेली असते, नट निघाला की ती समोर जे असेल त्यावर येते, माणूस जाऊ शकतो. स्प्रिंग आणि माउंटिंगसकट तयार जोडलेले स्ट्रट मिळत असतील तर ते घ्या, नाहीतर तेवढं एक काम मशीनवर करून आणा.

टाय रॉडला जुना एंड काढायच्या आधी चेक नटच्या (एंड जागेवर घट्ट धरून ठेवणारा नट) जागेवर रंगाची खूण करा आणि एंड काढताना किती फेरे फिरले ते मोजून लिहून ठेवा, नवा तेवढ्याच फेऱ्यांवर बसवला की गाडी अलाइनमेंटला नेण्याइतपत सरळ चालते, अलाइनमेंट मात्र करायचंच. जॉइंट निघत नसेल तर स्टडच्या टोकावर हातोडा मारू नका, पुलर वापरा, नाहीतर नकलच्या ज्या डोळ्यात स्टड बसतो त्याच्या बाजूवर एक-दोन नेमके ठोके द्या. नवा नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं (नट सैल होऊ नये म्हणून घालतात ती पिन) भोक जुळलं नाही तर नट मागे फिरवायचा नाही, पुढेच आवळत भोकापर्यंत न्यायचा. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी. चाकाचे नट खाली उतरवल्यावर टॉर्क रेंचने, आणि ५० ते १०० किमी चालवल्यावर परत एकदा तेच नट तपासा.